नोटीस द्यायची कुणाला?

पुणतांबा हे गोदाकाठचे गाव चांगदेवांच्या समाधीमुळे जुन्या लोकांना ठाऊक आहे. रेल्वेने शिर्डीला जाणाऱ्यांना ते दौंड-मनमाड मार्गावरचे जंक्शन म्हणून माहीत असते. २०१७ नंतर त्याला तिसरी ओळख मिळाली. त्या वर्षी एप्रिलच्या सुरुवातीला तिथल्या ग्रामसभेत ठराव झाला की मागण्या मान्य झाल्या नाहीत तर १ जूनपासून शेतकरी संपावर जातील. सातबारा कोरा करा, उत्पादन खर्चाच्या दीडपट भाव द्या, दुधाला लिटरमागे पन्नास रुपये द्या, साठी उलटलेल्या शेतकऱ्याला पेन्शन द्या, अशी ती यादी होती. १ जूनला संप सुरू झाला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. दूध रस्त्यावर ओतले गेले, भाजीचे टेम्पो अडवले गेले. ३ जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी बोलणी करून आलेल्या काहींनी संप मागे घेतल्याचे जाहीर केले. तुम्हाला हा अधिकार दिला कुणी, असे विचारत बाकीच्यांनी तो चालूच ठेवला. २४ जूनला सरकारने ३४,०२२ कोटी रुपयांची, दीड लाखाच्या मर्यादेची कर्जमाफी जाहीर केली. पाच वर्षांनी, जून २०२२ मध्ये, त्याच गावात शेतकरी पुन्हा धरणे धरून बसले.

या घटनेवर शेतीच्या अंगाने पुष्कळ लिहून झाले आहे. मला तिच्याकडे नोकरीच्या अंगाने पाहायचे आहे. पुणतांब्याच्या मागण्या एखाद्या कामगार संघटनेच्या मागणीपत्राशेजारी ठेवल्या तर दोन्हींचा सांगाडा एकच दिसतो: कामाचा ठरलेला मोबदला, म्हातारपणाची सोय, अंगावर चढलेल्या देण्यातून सुटका. पद्धतही कामगारांचीच. आधी सभा, मग ठराव, मग मुदत, मग काम बंद. एप्रिलचा ठराव आणि १ जून यांत जवळजवळ दोन महिन्यांचे अंतर आहे. संपाआधी चौदा दिवसांची नोटीस द्यावी अशी अपेक्षा आजचा कायदा कामगारांकडून करतो. पुणतांबेकरांनी त्याच्या चौपट मुदत दिली होती. रीत त्यांनी पाळली. कमी होते ते समोरचे माणूस. ती नोटीस स्वीकारायला बांधलेला कुणी नव्हता, बोलणी फिसकटली तर मध्यस्थी करणारा अधिकारी नेमलेला नव्हता, शेतकऱ्यांच्या वतीने सही कुणी करायची हे ठरलेले नव्हते, आणि मोडली म्हणून दाखवता येईल अशी एकही लेखी अट नव्हती. म्हणून शेवटी हाती आली ती माफी. माफी देणाऱ्याच्या मर्जीने आणि देणाऱ्याच्या निकषांनी मिळते. पुढच्या वर्षीच्या दुधाचा भाव तिच्यात लिहिलेला नसतो.

मुद्दा एवढाच आहे की कामाच्या अटी लेखी असणे ही कारकुनी बाब नाही. भांडायला उभे राहण्यासाठी पायाखाली जी जमीन लागते ती या कागदाची असते. कंपनीत लागलेला मुलगा नेमणूकपत्र न वाचता सही करतो, किंवा ते मिळालेच नाही तरी कामावर जात राहतो, तेव्हा तो नकळत पुणतांब्याच्या शेतकऱ्याच्या जागी जाऊन उभा राहतो.

ही जमीन महाराष्ट्रात फार कष्टाने तयार झाली आहे. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा घेऊन साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, कामाची ठरावीक वेळ, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, अशा मागण्या होत्या. आज हे कुणी वाचले तर यात मागण्यासारखे काय आहे, असे वाटेल. रविवारच्या सुट्टीला १८९० साल उजाडले. त्यानंतरही गिरणीतली शिस्त मालकाच्या तोंडी हुकमावरच चाले. उशिरा आल्यास दंड किती, खराब कापडाचे पैसे कुणाच्या पगारातून कापायचे, कामावरून काढायचे ते कशासाठी, यातले काहीही कामगाराला आधी माहीत नसे. १९२८ चा मुंबईतला गिरणी संप सहा महिने चालला. त्यानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे पगाराच्या दरांइतकीच चर्चा मालक संघाने तयार केलेल्या स्थायी आदेशांवर झाली. स्थायी आदेश म्हणजे कारखान्याची लिहून ठेवलेली नियमावली. मुंबई प्रांताने १९३८ च्या औद्योगिक विवाद कायद्यात तिला पहिल्यांदा कायद्याचे बळ दिले.

त्याच कायद्याने संपावर कडक बंधने घातली, आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विधिमंडळात त्याला कडाडून विरोध केला. काम थांबवणे हा फार तर कराराचा भंग आहे, तो फौजदारी गुन्हा ठरवला तर माणसाला मनाविरुद्ध राबवल्यासारखे होईल, असा त्यांच्या युक्तिवादाचा रोख होता. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने इतर संघटनांसह एक दिवसाचा संप घडवून आणला. पुढे तेच आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना, एप्रिल १९४६ मध्ये, औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) कायदा मंजूर झाला. संपाला गुन्हा मानायला नकार देणारा माणूस आणि लेखी नियमावली सक्तीची करणारे खाते यांत मला विसंगती दिसत नाही. कराराचा भंग झाला असे म्हणायचे असेल तर आधी करार असावा लागतो, आणि तो दोघांना वाचता यावा लागतो.

वाचता येण्याची बाब या कायद्याने गंभीरपणे घेतली. प्रमाणित झालेले स्थायी आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत, प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावावेत असे त्याचे नववे कलम सांगत असे. कायम, बदली, तात्पुरता, उमेदवार असे कामगारांचे प्रकार, पाळ्या, हजेरी, रजा, नोटीस, गैरवर्तन कशाला म्हणायचे आणि शिक्षा करण्याआधी चौकशी कशी करायची, हे सारे त्यात यावे लागे. मालकाने लिहिले म्हणून ते चालत नसे. प्रमाणन अधिकारी कामगारांचे म्हणणे ऐकून मगच शिक्का मारत असे, आणि १९५६ च्या दुरुस्तीनंतर ते नियम न्याय्य व वाजवी आहेत का हेही तपासण्याचा अधिकार त्याला मिळाला. चौकशी चालू असताना निलंबित केलेल्या कामगाराला पहिले नव्वद दिवस निम्मा आणि नंतर पाऊण पगार निर्वाह भत्ता म्हणून मिळावा, हे १९८२ मध्ये जोडले गेले. हातावर पोट असलेल्या माणसाला चौकशीच्या नावाखाली उपाशी ठेवून राजीनामा लिहून घेणे एका कलमाने अवघड करून ठेवले.

आता पुन्हा पुणतांब्याच्या राहाता तालुक्यात येऊ. पुणतांब्याच्या भोवती साखर कारखान्यांचा पट्टा आहे. प्रवरानगरचा पहिला सहकारी कारखाना याच तालुक्यात, कोपरगाव-श्रीरामपूरचे कारखाने शेजारी. एका गळीत हंगामात एकाच गव्हाणीपाशी तीन प्रकारची माणसे भेटतात: ऊस घालणारा शेतकरी, कारखान्याचा कामगार आणि ऊस तोडून आणणारा. तिघांच्या हातातले कागद तपासले की लेखी अटीची किंमत आकड्यांत कळते.

कामगारापासून सुरू करू. साखर धंदा हंगामी, त्यामुळे ‘हंगामी कायम’ असा ऐकायला विचित्र वाटणारा एक वर्ग तिथे असतो. हंगाम संपून पट्टा पडला की तो घरी जातो, पुढच्या हंगामाला त्याच जागेवर परततो. ले-ऑफच्या भरपाईचे कायद्यातले कलम हंगामी उद्योगांना लागू नव्हते. ग्रॅच्युइटीही वर्षाला पंधरा दिवसांऐवजी हंगामाला सात दिवसांच्या पगाराइतकीच. म्हणजे कायद्याने त्याला बरेचसे वाऱ्यावर सोडले होते. तरी बिगर हंगामात त्याला रिटेन्शन भत्ता मिळतो, कुशल कामगाराला जास्त, अकुशलाला कमी. तो येतो वेतन मंडळाच्या शिफारशींतून आणि करारांतून. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने साखर धंद्यात प्रातिनिधिक संघटना कोणती हे ठरवून दिले, अटी बदलायच्या तर बदलाची नोटीस देणे मालकावर बंधनकारक केले. त्या पायावर राज्यभरासाठी त्रिपक्षीय समिती बसते आणि पाच वर्षांचा करार होतो. करार वेळेवर होत नाहीत ही रड जुनी आहे. २०२१ मध्ये ठरलेली बारा टक्के वाढ १ एप्रिल २०१९ पासूनची होती, २०२५ मध्ये ठरलेली दहा टक्के वाढ १ एप्रिल २०२४ पासूनची. पण उशिरा का होईना, वाढ मागच्या तारखेपासून मोजली जाते, कारण जुन्या कराराच्या शेवटच्या पानावर मुदत लिहिलेली असते. पुणतांब्याच्या दूध उत्पादकाला मागच्या तारखेपासून फरक मिळाल्याचे कुणी ऐकले आहे का?

मात्र तोच दूध उत्पादक ऊस घालतो तेव्हा चित्र पालटते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे उसाला केंद्राने ठरवलेला किमान भाव, आजची एफआरपी, मिळायलाच हवा. ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायला हवेत. उशीर झाला तर वार्षिक पंधरा टक्के व्याज. कारखाना टाळाटाळ करू लागला तर साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढतात आणि जिल्हाधिकारी साखरेच्या साठ्यावर जप्ती आणू शकतात. कांद्याला यातले काही नाही, दुधालाही नाही. दर, तारीख, दंड आणि वसूल करणारा अधिकारी या चारही गोष्टी एका कागदावर आल्या की शेतकऱ्याची ताकद कशी बदलते हे त्याच शिवारात दिसते. माझ्या मते अहिल्यानगर जिल्ह्याच्या पाणीटंचाईतही उसाचे वेड कमी होत नाही याचे निम्मे उत्तर या आदेशात आहे. पाणी जास्त पिणारे पीक लोक मूर्खपणाने लावत नाहीत. पैसे कधी येणार हे सांगणारे पीक ते लावतात.

तिसरा माणूस तोडणीवाला. त्याचा करार मुकादमाशी, मुकादमाचा कारखान्याशी किंवा वाहतूकदाराशी. हातात उचल पडते आणि उचल फिटेपर्यंत नवरा-बायको मिळून एक कोयता असा हिशेब चालतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात चौतीस टक्के वाढ ठरली. कायम कामगाराच्या बारा टक्क्यांपुढे हा आकडा मोठा दिसतो, म्हणून त्याचे कौतुकही झाले. पण ती टनामागच्या दराची वाढ आहे. पाऊस आला आणि फड थांबला तर त्या दिवसाचे काय, बाळंतपण आले तर काय, बिबट्याने किंवा ट्रॅक्टरने जीव घेतला तर कुणाच्या हजेरीपटावर त्याचे नाव होते, याची उत्तरे दरपत्रकात नसतात. कारखान्याच्या मस्टरवर नाव असते तर प्रॉव्हिडंट फंडाचा प्रश्न निदान विचारता तरी आला असता.

पुणतांब्यालाच याहून जुना पुरावा आहे. शेजारच्या चांगदेवनगरला एके काळी खासगी साखर कारखान्याची शेती होती. १९६१ च्या जमीन धारणा कायद्यानंतर अशा कारखान्यांच्या जमिनी १९६३ मध्ये स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. कारखान्यांनी त्यांतल्या पुष्कळ जमिनी शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या होत्या. या खंडकरी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या लढा दिला आणि अखेर त्यांच्या वारसांना जमिनी परत मिळू लागल्या. खंडाचा व्यवहार नोंदीत होता, नावे होती, गट होते. त्याच मळ्यांवर राबलेल्या, चाळींत राहिलेल्या महामंडळाच्या कामगारांना मात्र राहत्या घराखालच्या दोन गुंठ्यांसाठी वर्षानुवर्षे मोर्चे काढावे लागले. माती दोघांची एकच, लढाया दोघांनीही केल्या. एकाजवळ दाखवायला उतारा होता.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: कागद असून उपयोग काय? एफआरपी थकते, कामगारांचे पगार महिनोन्‌महिने थकतात, बंद पडलेल्या कारखान्यांच्या कामगारांची ग्रॅच्युइटी वर्षांनुवर्षे अडकते. हे खरे आहे, आणि ते नाकारून कुणाचे भले होणार नाही. पण थकबाकी म्हणायलाही आधी देणे ठरलेले असावे लागते. कायम कामगाराची थकबाकी रुपयांत मोजता येते, कोर्टात मांडता येते, कारखाना विक्रीला किंवा भाड्याने निघाला तर देण्यांच्या यादीत लिहिता येते. तोडणीवाल्याच्या बुडालेल्या दिवसांची यादी कुठेच नाही, म्हणून ते बुडाले असे सिद्धही होत नाही. कागद अपुरा आहे हे मान्य. तो नसलेल्यांच्या अवस्थेकडे पाहून मग त्याचे मोल करावे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो गावातूनच येतो. इथल्या नोकऱ्या ओळखीवर लागतात. संचालकाचा शब्द, भावकीतला मालक, शिर्डीत हॉटेल चालवणारा मामाच्या गावचा माणूस. अशा ठिकाणी लेखी अटी मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असे मानले जाते. विश्वासाला माझा विरोध नाही, पण त्याच्या मर्यादा शेतकऱ्यांनाच जास्त माहीत आहेत. सख्खे भाऊही वाटणी झाल्यावर तलाठ्याकडे जाऊन फेरफार करून घेतात, आणि त्याने भाऊबंदकी वाढते असे कुणी म्हणत नाही. वाढते ती फेरफार न केल्याने. शिवाय ओळखीच्या नोकरीत अट मोडली गेली तर दाद मागताना नातेही पणाला लागते. अनोळखी मालकाला पीएफबद्दल विचारणे सोपे, मामाच्या गावच्या माणसाला विचारणे कठीण. म्हणजे जिथे ओळख जास्त तिथे कागदाची गरजही जास्त.

तिसरा आक्षेप उद्योजकांचा. नियमावलीचे ओझे वाढले की लहान धंदा माणसे घेईनासा होतो, किंवा ठेकेदारामार्फत घेतो. यात तथ्य आहे. सुपे, वाळूज, श्रीरामपूर, कुठल्याही एमआयडीसीत ‘ब्रेक’ हा शब्द सगळ्यांना माहीत असतो. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की काही हक्क लागू होतात, म्हणून सात महिन्यांनी माणसाला घरी पाठवायचे आणि काही दिवसांनी नव्या नावाने, ट्रेनी म्हणून किंवा दुसऱ्या ठेकेदाराच्या हजेरीवर, परत घ्यायचे. कायद्याने रेषा आखली आणि सगळे व्यवहार त्या रेषेच्या अलीकडे येऊन थांबले. पण म्हणून रेषाच पुसायची का? नेमणूकपत्र द्यायला यंत्रसामग्री लागत नाही. पगार किती, कोणत्या तारखेला, सुट्ट्या किती, जादा तासांचा दर काय, काढायचे तर किती दिवस आधी सांगायचे, हे एका पानावर लिहायला ज्या धंद्याला परवडत नाही त्याची अडचण नियमावलीहून वेगळी असावी.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या चार श्रमसंहितांनी या बाबतीत एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले. नेमणूकपत्र देणे आता मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. ठरावीक मुदतीच्या कामगाराला पाच वर्षांऐवजी एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे. ब्रेकच्या खेळावर हा चांगला उतारा ठरू शकतो. पण स्थायी आदेशांची सक्ती आता तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांपुरतीच आहे. जुन्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा शंभर होती आणि महाराष्ट्राने ती पन्नासवर आणली होती. पन्नासवरून तीनशेवर जाताना तालुक्याच्या ठिकाणचे बहुतेक सगळे मधले कारखाने, दूध संघ, मोठी हॉटेले बाहेर पडतात. तिथल्या माणसाच्या खिशात नेमणूकपत्र असेल. पण चौकशी कशी होईल, गैरवर्तन कशाला म्हणतील हे फाटकाशेजारच्या फलकावर नसेल. त्याच वेळी संपाची चौदा दिवसांची नोटीस, जी पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती होती, ती आता सर्व उद्योगांना लागू झाली, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी एकदम किरकोळ रजा टाकली तर तोही संप मानला जातो. कामगाराकडून शिस्त सगळीकडे हवी आणि मालकाकडून नियमावली फक्त मोठ्या ठिकाणी, हा हिशेब मला तरी सरळ वाटत नाही.

कुणी म्हणेल, शेतकरी हा कुणाचा नोकर नाही, त्याची कामगाराशी तुलनाच चुकीची. बरोबर आहे, पण या भागात तो मालक आहे, ही बाजू क्वचितच बोलली जाते. सहकारी कारखान्याचा सभासद म्हणून गव्हाणीपाशी उभ्या असलेल्या इतर दोघांच्या अटी अंतिमतः त्याच्या नावाने ठरतात. २०१७ मध्ये ज्याने साठीनंतरच्या पेन्शनची मागणी केली, त्याच्याच कारखान्यात ठेकेदाराकडचे किती कामगार पीएफशिवाय निवृत्त होतात हे विचारण्याचा अधिकार त्याला कायद्याने आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेचा अहवाल दरवर्षी घरपोच येतो. त्यात गाळप, उतारा, एफआरपी आणि देणी यांचे तक्ते असतात. कायम, हंगामी आणि ठेकेदाराकडचे कामगार किती, त्यांचा पगार कोणत्या महिन्यापर्यंत दिला, ग्रॅच्युइटीची किती रक्कम बाजूला ठेवली, तोडणी मजुरांच्या विम्याचा हप्ता कुणी आणि कधी भरला, एवढा एक तक्ता त्यात वाढवा असा ठराव कुणीही सभासद मांडू शकतो. कामगार तीनशेहून कमी असले तरी स्थायी आदेश स्वखुशीने स्वीकारून मराठीत फलकावर लावायला नवी संहिता मनाई करत नाही. संचालक मंडळाचा ठराव पुरतो. ज्या गावाने मुदत देऊन, विषय लिहून, हात वर करून राज्य हलवले, त्या गावाला सूचक आणि अनुमोदक मिळायला अडचण पडू नये. आणि ही नोटीस कुणाला द्यायची, हे या वेळी त्यांना माहीत आहे: कार्यकारी संचालकाला, सभेच्या आधी, पोच घेऊन.